पाव्हण्यांचा एडका

आमच्या घरात लग्न ठरलं की आधी एडका यायचा, नवरामुलगा मागाहून. हे मी परवा नातीला सांगितलं तर ती हसून हसून गादीवर लोळली. एडका म्हणजे मेंढ्यांमधला नर, हेही तिला वेगळं सांगावं लागलं. संत तुकाराम नगरात दुसऱ्या मजल्यावर वाढलेल्या पोरीला ते ठाऊक असावं असा माझा हट्ट नाही, पण त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलेलं नाही. आमच्या लेखी ती अगदी शहाणपणाची रीत होती. वाड्यात तोच तो एडका फिरत राहिला की रगत शिळं होतं आणि कोकरं बारकी निपजतात, असं आण्णा म्हणायचे. (आमच्यात वाडा म्हणजे मेंढरं कोंडायची काटेरी कुंपणाची जागा, कुणी माडी-बिडी डोळ्यांसमोर आणू नये.) म्हणजे एडका बाहेरचा हवा. पण बाजारातला नको, कारण बाजारातल्या जनावराचे आईबाप कोण, ते विकणारा सांगेल तेच खरं. मग ज्या घरात मुलगी द्यायची त्या घरचा आणायचा. कुंकू लागलं की मुलाकडचे आपला एडका पाठवत, तो हंगामभर आमच्याकडे राही, आणि लग्न होऊन मुलगी निघाली की तिच्याबरोबर आमच्यातली चांगली मादी कोकरं जात. आमच्या आईबरोबर तिच्या माहेराहून कोकरं आली होती, तशी. एडका कसा निघाला यावरून ते घर कसं, हेही लोक ठरवून मोकळे व्हायचे. आता सांगताना मलाही जरा विचित्र वाटतं, पण तेव्हा वाटत नव्हतं.

आमची वस्ती भोसरीच्या पुढं, नाशिक रस्त्यावरून आत उतरल्यावर इंद्रायणीच्या अलीकडं. रान थोडकं, त्यात बाजरी आणि कांदा, आणि बाकी सगळा जीव मेंढरांवर. घरात आण्णा, आई, थोरली बहीण शेवंता आणि मी. शेवंताला मी आक्का म्हणायची, अजूनही म्हणते. पहाटे आईचं जातं, मग मेंढरांचं खोकणं, मग कुठंतरी खाणीत सुरुंग उडाल्याचा आवाज. भोसरीकडं कंपन्या उठत होत्या आणि त्यांचा भोंगा आमच्या रानापर्यंत ऐकू यायचा. संध्याकाळचा भोंगा झाला की आमची मेंढरं चरायचं थांबून आपणहून घराकडं तोंड करायची. आण्णा म्हणायचे, कंपनीनं आमच्या मेंढरांनाबी शिफ्ट लावून दिली. आई दुपारभर ओट्यावर बसून चातीवर लोकर कातायची. तिच्या लुगड्याला, केसांना, भाकरीच्या टोपल्यालासुद्धा लोकरीचा वास असे. हुलग्याचं माडगं, मेंढीच्या दुधातली कुस्करलेली भाकरी, आणि कोकरं झाली की चिकाची वडी. माझी जीभ अजून त्या वडीला शोधते आणि डेअरीतला खरवस खाऊन रुसून बसते.

आमची मेंढरं काळी होती. काळी मेंढरं इतरांचीही असत, पण उन्हापावसानं त्यांची लोकर टोकाला तांबूस पडे. आमच्यातली पडायची नाही. आण्णांच्या आजोबांनी निवडून निवडून तो काळेपणा धरून ठेवला होता; ज्या कोकराच्या अंगावर तांबडी झाक दिसली ते चाकणच्या बाजारात जाई, वाड्यात राहत नसे. चाकणकडचे सणगर, म्हणजे घोंगडी विणणारे, आमची लोकर घ्यायला आपण होऊन यायचे आणि बोटांत चोळून म्हणायचे, याला रंग लावायला नको. हे ऐकताना आण्णा दुसरीकडं बघायचे, पण कान तिकडंच असायचे. माणूस तसा मऊ, बोलायला गोड, पण मेंढरांचा विषय निघाला की ताठ व्हायचे. त्यांना त्या काळेपणाची घमेंड होती, असं मी आज म्हणू शकते. तेव्हा म्हटलं असतं तर आईनं मुस्काट फोडलं असतं.

त्या सुमारास सरकारी साहेब जीपमधून वस्त्यावस्त्यांवर फिरू लागले. आमच्या घोंगडीच्या राठ लोकरीला पुढं कुणी विचारणार नाही, विलायती पांढऱ्या एडक्याशी जात मिसळली की लोकर मऊ निघेल आणि गिरणीत जाईल, असं त्यांचं सांगणं. आमच्या रानाला लागून सोपानकाकांचं रान. ते नव्याचे हौशी. त्यांनी योजनेतला एक पांढरा एडका घेतला. आम्ही पोरं तो बघायला धावलो. डोळे लोकरीत बुडालेले, गळ्याला वळ्याच वळ्या, आणि लोकर थेट नडगीपर्यंत. आमच्या मेंढरांचे पाय कसे उघडे, सडपातळ. हा म्हणजे पायजमा घालून उभा. आण्णा सगळ्यांदेखत म्हणाले की असलं माझ्या वाड्याच्या सावलीला उभं करणार नाही, आणि लोक हसले. पण मग सगळे पांगल्यावर ते मागं थांबले आणि त्या एडक्याची लोकर बोटांनी फाकवून खोलवर बघत राहिले. मी त्यांचा हात ओढत होते, घरी चला म्हणून. त्यांना ऐकू गेलं नाही.

आक्काचं सांगायचं तर तिचं सगळं मेंढरांत होतं. संध्याकाळी मेंढ्या रानातून आल्या की कोंडलेली कोकरं सोडायची, आणि मग जो कल्ला व्हायचा त्यात प्रत्येक कोकरू त्याच्या आईला लावून द्यायचं. मला सगळी कोकरं सारखीच दिसायची. सगळी काळी, सगळी ओरडणारी. मी एक उचलून एका मेंढीला लावावं, तिनं त्याला हुंगून ढुशी मारावी, आणि आक्कानं लांबूनच सांगावं, ती न्हाई हौशे, ती कान चिरलेली. तिला ते कसं कळायचं हे मी पुष्कळदा विचारलं. ती म्हणायची, तुला तुझी आई कशी कळती. हे उत्तर मला कधीच पटलं नाही, कारण मला एकच आई होती.

तिचं लग्न खेडच्या म्हंकू पाव्हण्यांच्या घरी ठरलं. पाटीवर राजगुरुनगर लिहिलेलं असलं तरी आम्ही खेडच म्हणायचो. म्हंकू पाव्हणे उंच, तोंडातल्या तोंडात बोलणारे, आणि त्यांचा वाडा आमच्यासारखाच काळा. पण मुलगा, बबन, पिंपरीला कंपनीत लागलेला. आता हे कसं व्हायचं ते मला उमजेना. लग्न झाल्यावर आक्का खेडला मेंढरांत राहणार की पिंपरीला खोलीत? खोलीत राहिली तर बरोबर दिलेली कोकरं कुठं बांधणार? मी आईला विचारलं तर म्हणाली मोठ्यांच्यात बोलू नये. आण्णांना विचारलं तर म्हणाले, बघू. आक्काला विचारलं तर म्हणाली, आधी एडका तर येऊ दे.

एडका आला तो लंगडत. म्हंकू पाव्हण्यांनी त्याला खेडहून पायी आणला होता आणि वाटेत खडी टाकायचं काम चालू होतं तिथं त्याच्या खुरात खडीची धार गेली. देखणं जनावर, शिंगं दोन वेढ्यांची, अंग काजळासारखं. आण्णांनी त्याला कुंकू लावलं, आईनं पायावर पाणी घातलं, सुरुवातीला तो लंगडत का होईना चार मेंढ्यांना लागला, पण मग खूर सुजला आणि तो बसूनच राहिला. नेमके मेंढ्या माजावर यायचे दिवस. एडका जर उभाच राहीना तर सगळा हंगाम फुकट जायचा. आण्णा रोज त्याचा खूर दाबून बघायचे आणि पू काढायचे. याच दिवसांत ते काही मेंढ्या वेगळ्या काढून स्वतः घेऊन गेले, दोनदा की तीनदा. जंताचं औषध पाजायला नेतो म्हणाले. एरवी औषधाचं काम आक्काकडं असे. मी बरोबर येते म्हटलं तर मला हाकलून दिलं. आण्णांनी मला कधी हाकललं नव्हतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

त्याच दिवसांत एकदा बबन येऊन गेला. शिफ्ट सुटल्यावर तसाच कंपनीच्या खाकी पँटीत, हातात जांभळ्या औषधाची बाटली. कंपनीच्या दवाखान्यातून आणली म्हणाला, मशिनीत बोट सापडलं की हेच लावतात. लग्नाआधी मुलानं असं एकट्यानं येणं बरं नव्हे, म्हणून आई ओट्यावरनं हलली नाही. त्यानं खाली बसून एडक्याच्या खुराला औषध लावलं, अर्धं स्वतःच्या पँटीला लावून घेतलं. आक्का वाड्याच्या दारात होती. त्यानं मान वर न करता तिला विचारलं की यांच्यात तुमची लाडकी कुठली. तिनं बोटानं दाखवली. मग तो म्हणाला, खेडला आमच्या वाड्यात तशीच एक हाय, म्हातारीला आवडती, तुमाला ओळखू यायची न्हाई. आक्का हसली. तसं हसताना मी तिला पाहिलंच नव्हतं, आणि यात हसण्यासारखं काय होतं तेही मला समजलं नाही. पाव्हणा गेल्यावर ती बराच वेळ ती बाटली धूत बसली. औषधानं म्हणा की कशानं म्हणा, पुढं एडका उठला आणि कामाला लागला. खुरावर जांभळा डाग मात्र राहिला.

कार्तिक सरता सरता मेंढ्या व्यायला लागल्या. पहिली काही कोकरं काळीभोर झाली आणि आण्णांनी पेढे नाही पण गूळ वाटला. मग एक झालं ते दुधासारखं पांढरं. आक्कानं उचलून आणलं तेव्हा आम्हाला वाटलं की अंगावर अजून जाराचा पडदा आहे. पुसलं तरी पांढरंच. मग आणखी एक. मग एक कबरं, डोक्यावर पांढरा टिकला असलेलं. अंगाला बारीक बारीक कुरळं, आणि नडगीपर्यंत लोकर. आई त्या कोकराचे पाय उलटेपालटे करून बघत होती आणि तिचा चेहरा बदलत चालला होता. आमच्या वाड्यात पांढरं कोकरू तिनं लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, एडक्यातच खोट हाय, दुसरं काय. आण्णा तेव्हा उंबऱ्यात बसून दोर वळत होते. आईनं परत विचारलं, व्हय ना वो? तेव्हा ते म्हणाले, ‘असंल.’

एवढंच म्हणाले. पण त्या एका शब्दानं काय काय झालं. आईनं ते भावकीत सांगितलं. भावकीनं बाजारात सांगितलं. म्हंकू पाव्हण्यांनी पांढऱ्याचं रगत लपवून एडका काळा म्हणून दिला, असं सगळीकडं झालं. एडक्यात खोट म्हणजे घरात खोट. जे लोक जनावराचं खरं सांगत नाहीत ते पोराचं काय खरं सांगणार, कंपनीत आहे म्हणतात ते तरी खरं का, इथपर्यंत बोलणं गेलं. एडका परत करा आणि पोरीला दुसरं घर बघा, असं थोरल्या चुलत्यांनी सांगितलं. आण्णा ना हो म्हणत, ना नाही. दिवसभर बांधावर बसून राहत. मी त्यांना जेवायला बोलवायला जाई तर उठून माझ्या मागं येत आणि ताटावर बसून परत उठत. मला वाटायचं, एवढा अपमान झाल्यावर माणूस चिडतो, हे चिडत का नाहीत? आणि आक्का. ती पांढऱ्या कोकरांना बाकीच्यांसारखीच आईला लावत होती, पण बोलायची बंद झाली. एकदा मी तिला विचारलं की आता तुझं लग्न होणार नाही का. तिनं माझी वेणी इतकी घट्ट घातली की डोळ्यांत पाणी आलं. तिच्याही आलेलं होतं. ती म्हणाली, मला त्याच घरी जायचं होतं गं. आक्का स्वतःसाठी काही मागते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

निरोप खेडला पोचायला वेळ लागत नाही. एका सकाळी म्हंकू पाव्हणे आले, बरोबर बबन, रात्रपाळी करून थेट आलेला, डोळे तांबारलेले. थोरले चुलते आधीच येऊन बसले होते. आईनं चहा केला पण कुणी कप उचलला नाही. म्हंकू पाव्हण्यांनी पांढरं कोकरू मागितलं. मांडीवर घेतलं, नडगीवरची लोकर चाचपली, कान बघितले, तोंड उघडून बघितलं. मग खाली सोडलं. म्हणाले की ही लोकर आमच्यातली नाही. आई आतूनच म्हणाली की मग कुणातली, एडका तर तुमचाच होता. ते म्हणाले की माझ्या बापानं आणि त्याच्या बापानं वाड्यात पांढरं बघितलेलं नाही. चुलते म्हणाले, आता तेच म्हणणार तुम्ही. म्हंकू पाव्हणे उठले. त्यांनी टोपी डोक्यावर दाबली. त्यांनी सांगितलं की एडका सोडा, आणि सोयरीक मोडली असं समजा, खोटं बोलणारांच्या घरातली पोरगी आमालाबी नको. बबन एडक्याचं दावं सोडायला खाली वाकला. आण्णा खांबाला टेकून उभे होते.

तेव्हा आक्का वाड्यातून बाहेर आली. डोक्यावर पदर घेतला आणि सगळ्यांच्या मधे येऊन उभी राहिली. बायामाणसांनी असं पुरुषांत येऊन उभं राहायची रीत नव्हती, चुलते काही बोलायच्या आत ती बोललीसुद्धा.

‘एडक्याची चूक न्हाई. मी न्हेली व्हती मेंढरं सोपानकाकाच्या रानात. तितं तो पांढरा मोकळा व्हता.’

मी तिच्या शेजारी उभी होते आणि मला वाटलं, हिला झालंय काय. त्या सगळ्या हंगामात मेंढरांमागं आम्ही दोघी बरोबर होतो. सकाळी बरोबर जायचो, संध्याकाळी भोंग्याबरोबर परत. सोपानकाकांच्या रानात आम्ही पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. मी ते म्हणणार होते. आक्कानं न बघता माझा हात धरला आणि असा दाबला की मी गप्प झाले. म्हंकू पाव्हणे तिच्याकडं बघत होते. त्यांनी विचारलं, कधी नेली. ती म्हणाली, आखाडात, तुमचा एडका खुरानं बसला होता तेव्हा, मेंढ्या माजावर आलेल्या, हंगाम जाईल म्हणून. का सांगितलं नाहीस? भ्याले, म्हणाली. एडका लंगडा होता हे तर त्यांनाही ठाऊक होतं, बबननं तर औषधच लावलेलं. सगळं बरोबर जुळत होतं. ते पुन्हा खाली बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि गार झालेला चहा प्याले. मग चुलत्यांना म्हणाले, ‘जी पोरगी आपल्या तोंडानं आपली चूक सांगती, ती माझ्या घरात यायला पायजे. आमच्याकडनं सोयरीक हाय.’

घरात आनंद व्हायला पाहिजे होता. पण आईनं पाव्हणे वेशीपार जायची वाट पाहिली आणि आक्काला चुलीतल्या लाकडानं मारलं. तीन पिढ्यांचा वाडा नासवलास म्हणाली. मी आण्णांकडं पळाले, तुम्ही सांगा आईला म्हणून. ते मागच्या दारी एडक्याजवळ उकिडवे बसले होते, पाठ आमच्याकडं. त्यांचा वाडा बिघडला, त्यांची घमेंड गेली, आणि ते पोरीला एक शब्द बोलले नाहीत, मारलं नाही, मारू दिलं. मला यातलं कशाचंच कोडं सुटेना. खोटं बोलून लग्न वाचलं हे मला दिसत होतं, पण मग खरं काय होतं? पांढरी कोकरं आली कुठून? मी एकटीनं पुष्कळ दिवस यावर डोकं फोडलं आणि शेवटी ठरवलं की मेंढ्या आपणहूनच गेल्या असणार, मी झोपले असताना. मला दुपारी झोपायची सवय होती.

माघात लग्न झालं. निघताना बरोबर कोकरं द्यायची वेळ आली तेव्हा आईनं सगळ्या बायकांसमोर सांगितलं की जिनं वाडा बिघडवला तिला यातलं एकही मिळायचं नाही. रीत होती की नव्हती मला माहीत नाही, पण कुणी विरोध केला नाही. आक्का गाडीत बसली तेव्हा मागं वाड्यात कोकरं ओरडत होती आणि ती तिकडं बघत नव्हती. आण्णांनी बैलाच्या जुवाला हात लावून ठेवला होता, गाडी निघेपर्यंत. सासरी तिला कुणी वाईट वागवलं नाही, बबन दाजी तर शेवटपर्यंत तिच्या शब्दाबाहेर गेले नाहीत, पण सासू आणि नणंदा तिला पांढरी म्हणत. आधी चिडवायला, मग सवयीनं. खेडला होती तोवर तिला कोकरं लावायचं काम दिलं नाही, तिच्या हातून पुन्हा काही होईल म्हणून. पुढं ती पिंपरीच्या खोलीत राहायला आली. पांढरी कोकरं आण्णांनी चाकणला विकली. त्यांची लोकर आधी कातरून ठेवली होती, पण सणगरानं ती घेतली नाही, घोंगडीला असली मऊ लोकर चालत नाही म्हणून. आईनं तिची उशी केली. आमचं रानही नंतर कंपनीसाठी गेलं, मेंढरं पांगली, आण्णा गेले, आई गेली. मी शिकले, शाळेत शिकवू लागले, आणि पोरांना आनुवंशिकतेचा धडा शिकवताना दरवेळी अडखळत राहिले.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या. दाजी गेल्यापासून आक्का दुपारची माझ्याकडं येते. दोघींचे गुडघे गेलेले, म्हणून गॅलरीत खुर्च्या टाकून बसतो. गेल्या वर्षी ती लसूण सोलत बसली होती आणि खाली रस्त्यावरून मेंढरांचा कळप चालला होता, कुठल्याशा धनगराचा, गाड्या थांबवून. मी सहज म्हटलं, आक्का, तू त्या दिवशी खोटं का बोललीस? इतक्या वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. मला वाटलं ती टाळेल. तिनं सरळ सांगितलं. आण्णांना भाकरी द्यायला ती मधल्या वाटेनं गेली होती, आखाडातच, तेव्हा सोपानकाकांच्या गोठ्यामागं आण्णा आमचीच मेंढी धरून उभे होते आणि पांढरा एडका तिच्यावर होता. औषध पाजायला नेल्या होत्या त्या ह्या. एडका लंगडा, हंगाम चाललेला, आणि साहेबांनी सांगितलेली मऊ लोकर त्यांच्या डोक्यातून जाईना. एवढी टिंगल केल्यावर उघड कसं नेणार? भाकरी बांधावर ठेवून ती परत फिरली. त्यांनी तिला पाहिलं नाही. मग कोकरं झाली, आईनं विचारलं, आणि ते ‘असंल’ म्हणून बसले. एकदा म्हणाल्यावर मागं कसं फिरायचं ते त्यांना कळलं नसावं, असं ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. हिनं मार खाल्ला, जन्मभर पांढरी म्हणवून घेतलं, जीव लावलेली कोकरं मागं सोडली, आणि तो माणूस जुवाला हात लावून उभा. मी बापाला असं म्हणायला नको, पण म्हणाले. सगळ्यांसमोर त्यांच्या पोरीची सोयरीक मोडत होती, पाव्हण्यांवर आळ येत होता, आणि ते खांबाला टेकून गप्प उभे होते, असं मी म्हणाले.

आक्कानं लसणाची सालं पदरातून झटकली.

‘गप न्हवते,’ ती म्हणाली. ‘तू माझ्याकडं बघत व्हतीस. मी त्यांच्याकडं बघत व्हते. तुज्या दाजींनी दावं सोडाया हात घातला तवा त्यांनी बोलाया तोंड उघडलं व्हतं. पन आता तरी खरं बोलत्यात का आनखी खोटं, त्ये मला ऐकायचं न्हवतं. म्हनून मीच आधी बोलले.’